सहा आठवड्यांच्या बोलीवर आलेली कुत्री

पार्श्वभूमी

पुण्याहून फोन आला तो ओळखीतल्या एका घरच्या सुनेचा. "सासऱ्यांसाठी लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायचंय. इंदूरमध्ये चांगला ब्रीडर सांगाल का? वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय." असे फोन मला नवे नाहीत. मी इंदूरमध्ये कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. वाढदिवसाला सरप्राइज म्हणून घरात आलेली पिल्लं वर्ष उलटायच्या आत 'कुणाला हवं असेल तर बघा ना' म्हणत माझ्याच दारात परत येतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्यासाठी पिल्लू घ्यायचं होतं त्यांना नाना म्हणू.

नाना ६८ वर्षांचे. सगळी नोकरी सरकारी खात्यात हिशेब तपासण्यात गेली. पश्चिम इंदूरमध्ये, मराठी घरं बऱ्यापैकी आहेत अशा वस्तीत, एका तीन मजली मल्टीच्या (अपार्टमेंटला इंदुरात मल्टी म्हणतात) दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलगा, सून आणि नात पुण्यात; इंदूरच्या मराठी घरांतली पुढची पिढी पुण्यात असणं ही आता मुद्दाम सांगायची गोष्ट राहिलेली नाही. घरात कुत्रं कधीच नव्हतं. काकू होत्या तोवर रात्रीची शेवटची पोळी खाली फाटकाशी जायची, तेवढाच काय तो संबंध. नाना दत्तभक्त. दर गुरुवारी आरती, देव्हाऱ्यात चार कुत्र्यांसकट दत्ताची तसबीर, आणि खरं कुत्रं मात्र उंबऱ्याच्या आत येता कामा नये, हा दंडक.

मुलगा माझ्या जुन्या ओळखीतला. म्हणून ब्रीडरचा नंबर न देता 'आधी नानांना भेटून येतो' म्हटलं.

अडचण नेमकी काय होती

'बाबा एकटे पडलेत' एवढंच फोनवर कळलं होतं. घरी गेल्यावर दिसलं ते असं. दुपारचे साडेतीन वाजले होते, सकाळी आलेला डबा ओट्यावर तसाच, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. टीव्ही चालू, आवाज बंद. पूर्वी सकाळी तासभर फिरून येणारे नाना आता कचरागाडी आली की खाली उतरायचे आणि बादली रिकामी करून वर यायचे. दिवसाचं चालणं तेवढंच. मधुमेहाच्या गोळ्या होत्या, पण कुठली घेतली आणि कुठली राहिली याचा त्यांनाच पत्ता नसायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढलेला माणूस!

मुलगा रोज रात्री फोन करायचा. "जेवलात?" "जेवलो." "बरं आहे ना?" "बरं आहे." फोन बंद.

मी एकच अट घातली. आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं. उतारवयात माणूस गप्प-गप्प झाला तर थायरॉइड, बी-१२, ऐकू कमी येणं, औषधांचा परिणाम, खरंखुरं नैराश्य, यांपैकी काहीही असू शकतं. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते डॉक्टरांकडे होतात. त्याऐवजी घरात कुत्रा आणून बसवणं हा माणसावरही अन्याय आणि कुत्र्यावरही. तपासण्या झाल्या. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. साखर वाढलेली होतीच. बाकी डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की आजार म्हणावा असं नैराश्य दिसत नाही, पण सकाळी उठायला कारण नाही, आणि हेच असंच चाललं तर तिकडेही जाईल.

समोर असलेले पर्याय

पुण्याला कायमचं जाणं हा मुलाच्या मनातला पहिला पर्याय. नाना एकदा महिनाभर राहूनही आले होते. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, मुलगा-सून दोघंही नोकरीला, नात शाळेत. खाली उतरलं तर ओळखीचं एक तोंड नाही. "तिथं मी पाहुणा, इथं निदान घरमालक," हे त्यांचं उत्तर.

दुसरा पर्याय एक खोली भाड्याने देण्याचा. भंवरकुआँ भागातल्या कोचिंग क्लासेसमुळे इंदूरला बाहेरगावच्या मुलांचा तोटा नाही. नानांना रात्री दोन वाजता मॅगी शिजवणारी मुलं नको होती. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात ते जाऊन आले होते. तिथे सगळे आपापले रिपोर्टच वाचून दाखवतात, म्हणाले.

राहिला कुत्रा. मुलाने व्हॉट्सॲपवर मला अभ्यासांच्या लिंक पाठवायला सुरुवात केली होती. त्यातले काही खरोखर चांगले आहेत. १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकारातून वाचून घरी गेलेले ९२ रुग्ण होते. घरात पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. स्वीडनमध्ये ४० ते ८० वयाच्या सुमारे ३४ लाख लोकांच्या सरकारी नोंदी १२ वर्षं तपासल्या गेल्या. २०१७ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत एकटं राहणाऱ्यांमध्ये कुत्रा असलेल्यांचा मृत्यूचा धोका, कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. आकडा मोठा आहे. पण मी मुलाला तेव्हा जे सांगितलं तेच इथेही सांगतो. कुत्रा आणतो तो माणूस मुळातच थोडा धडधाकट, हिंडता-फिरता असण्याची शक्यता जास्त असते. कुत्र्यामुळे तब्येत सुधारली की तब्येत बरी म्हणून कुत्रा आला, हे अशा नोंदींवरून ठामपणे सांगता येत नाही. संशोधकांनी स्वतःही तसं म्हटलं आहे. आणि या आकड्यांत कुठेही 'सासऱ्यांना सरप्राइज दिलेलं पिल्लू' हा वेगळा रकाना नाही.

पिल्लाला माझा विरोध होता. लॅब्रॅडॉरचं पिल्लू फोटोत गोड दिसतं. पहिले काही आठवडे ते रात्रीतून दोन-तीनदा बाहेर न्यावं लागतं. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू झालेल्या लसी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. दीड वर्ष ते चपला, सोफा, चार्जरच्या वायरी चावतं, आणि मग तीस किलोचं होऊन साखळी ओढतं. ६८ वर्षांच्या मनगटाला ती ओढ झेपत नाही. दुसरा हिशेब वयाचा. लॅब्रॅडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. म्हातारपणी त्याच्या कंबरेचे सांधे धरतात, तेव्हा त्याला जिन्यावरून उचलून नेणारा माणूस ऐंशीच्या घरात असणार.

सुनेला हे पटलं. मुलाला पटायला वेळ लागला, कारण ॲडव्हान्स देऊन झाला होता. नानांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि माझ्या मते खरा धोका तोच होता. ज्याच्या गळ्यात जबाबदारी पडणार, त्यालाच कुणी विचारलं नव्हतं.

पहिला निर्णय: पाळायची नाही, सांभाळायची

त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात एक कुत्री होती. रस्त्यावरची, दातांवरून अंदाजे चार वर्षांची, वजन सोळा किलो. कान कापलेला, म्हणजे नसबंदी झालेली. मोटारसायकलने उडवल्याने मागच्या पायाची नळी मोडली होती. प्लेट बसवली होती. आता सहा आठवडे सक्तीची विश्रांती हवी होती: पळणं नाही, उडी नाही, दिवसातून तीन-चारदा पट्ट्यावर धरून बाहेर नेऊन आणणं. रस्त्यावर हे अशक्य. तिला घेऊन आलेली मुलगी एका खोलीत तिघींबरोबर भाड्याने राहणारी. माझ्याकडे पिंजरा होता, पण पिंजऱ्यात सहा आठवडे काढलेला कुत्रा हाडाने बरा होतो आणि डोक्याने बिघडतो.

नानांना मी एवढंच विचारलं: सहा आठवडे हिला ठेवून घ्याल का? औषधं माझी, खाणं त्या मुलीकडून. मुदत संपली की मी घेऊन जाईन. नसबंदी झालेला कुत्रा त्याच्या मूळ जागी परत सोडावा, असं २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमच सांगतात.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो. 'कुत्रा पाळाल का' या प्रश्नाला नानांचं उत्तर ठरलेलं होतं. 'सहा आठवडे मदत कराल का' याला मात्र त्यांनी ताडकन नाही म्हटलं नाही. दोन्ही बाजूंना मागे फिरायची वाट मोकळी होती, आणि त्यात कुणी नानांवर उपकार करत नव्हतं, तेच करणार होते. दीड वर्ष सगळेच त्यांची काळजी घेत होते; कुणी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

त्यांनी तीन अटी घातल्या. स्वयंपाकघरात नाही, देवघरात नाही, पलंगावर नाही. आणि परत न्यायची तारीख माझ्याकडून कागदावर लिहून घेतली. सहीसकट.

ते सहा आठवडे

रस्त्यावरचा कुत्रा पहिल्यांदा घरात आला की लोक म्हणतात, 'बघा कसा शांत बसलाय.' तो शांत नसतो, घाबरलेला असतो. गुळगुळीत टाइल्सवर पाय सरकतात, डोक्यावर पंखा फिरतो, कुकरची शिट्टी कुठून येते ते कळत नाही. ही दोन दिवस जेवणाच्या टेबलाखालून हलली नाही. मी सांगितलेलं एवढंच: सरकू नये म्हणून जुन्या सतरंज्या अंथरा, तिच्याकडे बघत बसू नका, ओढून बाहेर काढू नका, बाहेर न्यायच्या वेळा मात्र चुकवू नका.

वेळा चुकवू नका हे नानांनी हिशेबनिसासारखं ऐकलं. तपासणीला आले तेव्हा काखेत लांबट, लाल कापडी बांधणीची वही. रकाने आखलेले: वेळ, लघवी, शी, खाणं, पाणी, औषध, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'उजवा मागचा पाय टेकला, चार पावलं' किंवा 'कुकरला घाबरली नाही' असं बारीक, सरळ अक्षरात. सगळ्यात खाली दिवसाच्या गोळ्यांची शिल्लक. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याही मालकाने मला पेशंटची इतकी चोख माहिती दिलेली नव्हती.

खाण्यावरून पेच झाला. घर शाकाहारी. पहिले काही दिवस दूध-पोळी दिली आणि तिला जुलाब झाले. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. हाड भरून यायचं तर प्रथिनं हवीत. कुत्रा शाकाहारावर जगू शकतो, पण ते समतोल जुळवणं सोपं नाही, आणि मोडलेला पाय असताना तर प्रयोग करूच नये. मी अंडं सुचवलं. नानांचा चेहरा पडला. मग एक वेगळं पातेलं आलं, एक छोटी शेगडी बाल्कनीत मांडली गेली, आणि नाना आयुष्यात पहिल्यांदा अंडं उकडायला शिकले, व्हिडिओ कॉलवर सुनेकडून. "किती मिनिटं?" "बारा." "सोलायचं कसं?" त्या दिवशी पुण्याचा फोन बराच लांबला. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी, ही यादी त्यांनी फ्रिजवर चिकटवली.

नाव नातीने ठेवलं. अंगभर तपकिरी-काळे ठिपके, पोह्यावर जिरावण मसाला भुरभुरावा तसे. म्हणून जिरावण. हाक मारायला लांब पडतं म्हणून जिरू.

टेबलाखालून बाहेर पडल्यावर तिने नानांच्या खुर्चीपासून दोन हातांवर जागा धरली. तिथून ती त्यांच्याकडे बघत राहायची. जपानमध्ये २०१५ साली झालेल्या एका अभ्यासात कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं असं आढळलं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नजरेत जे घडतं त्याच जातीचं. नानांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी वहीत 'बघते' असा शेरा मारून ठेवला होता, तेवढं पुरे होतं.

मल्टीतला विरोध

तिसऱ्या आठवड्यात मल्टीच्या सेक्रेटरींनी निरोप पाठवला: लिफ्ट में कुत्ता नहीं चलेगा. पाठोपाठ बैठक. तळमजल्यावरच्या एका बाईंची तक्रार खरी होती. त्यांच्या मुलाला लहानपणी रस्त्यावरचं कुत्रं चावलेलं, तो कुत्रं दिसलं की थरथरायचा. दुसऱ्या एकांची तक्रार 'आज एक, उद्या दहा' अशी.

नानांचा मुलगा पुण्याहून नोटीस पाठवायला निघाला होता. कायद्याचं पारडं त्याच्या बाजूचं होतं. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. पण नोटीस पाठवून जिंकलेल्या जिन्यात नानांना रोज चढ-उतार करायची होती. मुलाला थांबवलं.

नाना बैठकीला वही घेऊन गेले. लसीकरणाची तारीख, जंताचं औषध, बाहेर नेण्याच्या वेळा, सगळं वाचून दाखवलं. आपण होऊन तीन गोष्टी कबूल केल्या: पट्टा नेहमी आखूड धरणार, लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या फेरीला थांबणार, आणि खालची घाण स्वतः उचलणार. शेवटची गोष्ट इंदूरमध्ये काही उदारपणाची नव्हे. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर लावत आलेल्या या शहरात रस्त्यावर घाण सोडली तर दंडाची पावती फाटते. पण नाना कोपरापर्यंत पिशवी चढवून वाकलेले आहेत हे दृश्य सेक्रेटरींनी गॅलरीतून पाहिलेलं होतं, आणि त्याचा उपयोग झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हिंदी-मराठी मिसळून शेवट केला. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, खंडोबाच्या पायाशी कुत्रा, आणि होळकरांच्या गावात कुत्र्याला लिफ्ट नाही? यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. युक्तिवाद म्हणून तो टिकणार नाही, पण बैठक तिथेच उठली.

त्या घाबरणाऱ्या मुलासाठी मी एकदा मल्टीत गेलो. अनोळखी कुत्र्यापुढे पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हात बाजूला ठेवून उभं राहायचं. आणि चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी इस्पितळात जाऊन रेबीजची लस सुरू करायची, कारण एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज नाही. त्याच्या आईला हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तो मुलगा अजूनही जिरूला हात लावत नाही. जिन्यात तिला बघून परत मात्र फिरत नाही.

दुसरा निर्णय

एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. कागदावरची तारीख आली. मी फोन केला, तर नाना म्हणाले, "अहो, अजून लंगडते थोडी." लंगडत नव्हती.

मी त्यांना आणखी आठ दिवस दिले, विचार करायला. हळव्या क्षणी हो म्हणून घेणं सोपं असतं. त्या आठ दिवसांत त्यांनी, मुलाने आणि मी मिळून खर्च मांडला: खाणं, दरवर्षीची लस, गोचिडांचं औषध, अधूनमधूनचं आजारपण, मिळून महिन्याला अडीच ते तीन हजार. पेन्शनीत बसत होतं. गावठी कुत्री बारा-चौदा वर्षं जगते. म्हणजे नाना ७८ चे होईपर्यंत हिचा जन्म. पालिकेतली नोंदणी नानांच्या नावे झाली. तीन अटींपैकी स्वयंपाकघराची अट तेव्हा मोडलेलीच होती, देवघराची पाळली जाते, पलंगाबद्दल मी विचारत नाही.

काय बदललं, काय नाही

सकाळी सहाला उठावं लागतं, कारण उठवणारी आहे. दिवसाला तीन फेऱ्या, मिळून तासभराचं चालणं. संध्याकाळचा डबा बंद झाला. शेगडी पेटतेच आहे तर स्वतःसाठीही खिचडी टाकतात. गोळ्यांचा घोळ संपला, कारण जिरूच्या रकान्यांशेजारी त्यांनी स्वतःचे दोन रकाने आखले, गोळी आणि साखर. डॉक्टरांच्या मते साखर आवाक्यात आली आहे. बी-१२ ची इंजेक्शनं, वेळेवर गोळ्या आणि चालणं यांत कुत्रीचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते रस्त्यावरचं. एकट्या म्हाताऱ्याला सकाळी कुणी थांबवून बोलत नाही. कुत्र्याबरोबरच्या म्हाताऱ्याला शाळेच्या व्हॅनची वाट बघणारी मुलं, दूधवाला, पोह्याच्या ठेल्यावरचा भिया, सगळे थांबवतात: काटती है क्या, नाम क्या है, पैर को क्या हुआ. वर्षभर चार शब्द न बोललेला माणूस दिवसातून दहा वेळा जिरूच्या पायाची हकीकत सांगतो. लोकांशी बोलायला विषय लागतो, तो त्यांच्या हातात पट्ट्याला बांधलेला असतो. मुलाच्या फोनवरही आता "जेवलात?" च्या आधी तिची चौकशी होते आणि मग बोलणं वाढत जातं.

न बदललेलंही आहे. काकूंच्या श्राद्धाच्या दिवसांत नाना पुन्हा मिटले होते. कुत्री जवळ बसून होती, तरी. आणि नवा तिढा तयार झाला: नाना पुण्याला जायचं टाळू लागले. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे, म्हणजे बंद कप्पा, आपल्या नावावर हवा, नाहीतर तिला गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटीला टाकावं लागतं. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपरमध्ये परवानगीच नाही. नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाला आजोबा गेले नाहीत. मुलगा मला म्हणाला, "तुम्ही बाबांना माणसांत आणलंत, पण आमच्यापासून तोडलंत." अर्धवट चेष्टेने म्हणाला, पण अर्धवटच.

पडणं

हिवाळ्यात, अजून उजाडायचं होतं, जिरू मांजरामागे झेपावली. नानांनी पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. ते ओल्या फरशीवर पडले, उजवं मनगट मोडलं. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ वर्षांपुढच्या लोकांची कुत्रं फिरवताना झालेली हाडमोडणी २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून वाढल्याचं दिसलं. कुत्र्याचे फायदे सांगणाऱ्या लिंकांबरोबर ही लिंक कुणी पाठवत नाही.

मुलगा रात्रीच निघाला, सकाळी इंदुरात. कुत्री आजच्या आज परत पाठवायची, हा त्याचा निर्णय. त्याचा राग मला समजला. बापाचा हात प्लास्टरमध्ये, कुत्री ओढणारी, आणि आपण सहाशे किलोमीटरवर.

पण तोवर समोरच्या फ्लॅटमधला अकरावीतला मुलगा सकाळची फेरी मारूनही आला होता, न सांगता. पोह्याच्या ठेलेवाल्याने संध्याकाळी निरोप पाठवला, "अंकलजी को बोलना, दोपहर को मैं घुमा दूँगा." मुलाने हे बघितलं. बापाच्या ओळखीची एवढी माणसं आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन दिवसांनी तो परत गेला तेव्हा कुत्री घरातच होती.

त्यानंतर व्यवस्था बदलली. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीशी कडी असलेला हार्नेस आला; त्याने ओढ कमी होते. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा, आणि वेळ आली तर सोडून द्यायचा. हिवाळ्यात पूर्ण उजाडल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पायात चपलेऐवजी बूट. उन्हाळ्यासाठी दुसरा नियम: डांबरावर हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवता आला नाही तर तिलाही न्यायचं नाही. सकाळची फेरी समोरच्या मुलाकडे राहिली. तो कॉमर्सचा, त्याबदल्यात नाना त्याला अकाउंट्स शिकवतात. ताळेबंद जुळला नाही तर ओरडतात म्हणे.

वेगळं काय करता आलं असतं

हार्नेस आणि पट्टा धरायची पद्धत पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवी होती. सोळा किलोची, पायाने अधू, म्हणून ओढणार नाही असं सगळ्यांनीच धरून चाललं. पाय बरा होणारच होता.

मल्टीतल्या शेजाऱ्यांना कुत्री यायच्या आधी सांगितलं असतं तर बैठकीची वेळ आली नसती. घाबरणाऱ्या मुलाच्या आईला तरी निदान.

प्रवासाचा प्रश्न दुसऱ्या निर्णयाच्या आठ दिवसांत खर्चाबरोबरच मांडायला हवा होता. पैशांचा हिशेब बारकाईने झाला, दिवसांचा झाला नाही. घरात कुत्रा आला की मालकाचं वर्ष बांधलं जातं. लग्न, मुंज, आजारपण, पुण्याची सुट्टी, प्रत्येक वेळी 'हिचं काय' हा प्रश्न आधी. मुलगा आणि सून या चर्चेत समोर असते तर त्यांची तक्रार तेव्हाच बाहेर पडली असती.

'नंतर कोण' हा प्रश्न तर मनगट मोडेपर्यंत कुणी काढलाच नव्हता. नानांना काही झालं तर जिरू कुणाची? एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाकडे कुत्रा देताना मी आता हे पहिल्याच भेटीत विचारतो. इथे ते उशिरा ठरलं. इस्पितळात भरती व्हावं लागलं तर पहिले पंधरा दिवस समोरचं घर, त्यापुढे पुणे. वहीच्या शेवटच्या पानावर तसं लिहून तिघांनी सह्या केल्या आहेत, लसीची तारीख आणि माझा नंबर खाली.

गेल्या दिवाळीत नाना गेले नाहीत, फटाक्यांत तिला एकटं सोडायला नको म्हणून. पडदे ओढून, पंखा आणि रेडिओ लावून आतल्या खोलीत बसले. यंदा मुलगाच सगळ्यांना घेऊन कारने इंदूरला येणार आहे, आणि परतीच्या वाटेवर नाना आणि जिरू दोघंही पंधरा दिवसांसाठी पुण्याला. धुळ्याजवळ कुठे थांबायचं, पाणी किती न्यायचं आणि प्रवासात उलटी होऊ नये म्हणून शेवटचं खाणं किती वाजता द्यायचं, हे विचारायला नाना परवा वही घेऊन आले होते.